त्रोवातो म्हणजे सापडलेला

डेट्रॉइटजवळच्या ट्रॉयमध्ये आमच्या शेजारच्या घरात राहणारे गृहस्थ ब्याऐंशी वर्षांचे आहेत. त्यांचे आजोबा तरुणपणी सिसिलीहून इथे आले. ते स्वतः इथल्याच एका मोटार कारखान्यात साचे बनवत बनवत रिटायर झाले. बायको गेल्यापासून एकटेच असतात. माझी मुलगी लहानपणापासून त्यांना 'नोनो' म्हणते. त्यांच्याकडे आजोबांना तसंच म्हणतात.

थंडी पडायच्या आधी ते अंगणातलं अंजिराचं झाड आडवं वाकवून चरात झोपवतात आणि वर माती, ताडपत्री घालतात. या कामात मी त्यांना मदत करते. माझं लहानपण सासवडला गेलं, अंजिराच्या बागांजवळ. पण झाडाला असं पांघरूण घालताना मी इथेच पाहिलं. एकदा हे करत असताना त्यांनी विचारलं, "डॉक, तुझ्या आडनावाचा अर्थ काय?"

मी म्हटलं, "कोकणातल्या एका गावाचं नाव आहे, पुढे 'कर' लावलेलं. ते गाव मी पाहिलेलं नाही."

"माझं त्रोवातो," ते म्हणाले. "ज्याला सापडलं तो. माझ्या पणजोबांना सापडलं होतं. तीन वर्षं दुष्काळ, सगळ्या विहिरी आटलेल्या. त्यांनी एका जागी पहार मारली आणि पाणी लागलं. तेव्हापासून गाव आम्हाला त्रोवातो म्हणायला लागलं."

ही विहीर त्यांच्या तोंडून मी पुढेही पुष्कळदा ऐकली. दर वेळी पाणी थोडं जास्त खोल जायचं.

गेल्या ऑक्टोबरात ते एक पाकीट घेऊन आमच्याकडे आले. त्यांच्या मुलाने सिसिलीतल्या त्या गावाच्या कचेरीतून पणजोबांच्या जन्मनोंदीची प्रत मागवली होती. अक्षर इतकं किरटं की कोणालाच काही लागेना. "तू डॉक्टर आहेस. घाणेरडं अक्षर वाचायची तुला सवय असणार," ते म्हणाले.

मी पॅथॉलॉजिस्ट आहे, आणि सवय आहे हे खरंच. मुलगी कॉलेजच्या सुट्टीसाठी घरी आली होती. शाळेत ती स्पॅनिश शिकली होती, आणि इटालियन त्याच्या जवळची; त्या जोरावर तीही शेजारी येऊन बसली. मी एकेक शब्द लावायचा, तिने फोनवर त्याचा अर्थ काढून मला दाखवायचा, असं सुरू झालं. आई-वडिलांच्या जागी 'अज्ञात' निघालं. मग एक शब्द आला, 'चाक'. चाकावर ठेवलेल्या बाळांना उचलून घेणाऱ्या बाईने हे मूल आणलं. वय अंदाजे दोन दिवस. अंगाभोवती जुना पांढरा कपडा, मनगटाला निळी फीत. खाली लिहिलं होतं, कारकुनाने बाळाला नाव आणि आडनाव दिलं. त्रोवातो. सापडलेला.

मला तिथेच सगळं कळलं. मी कागद खाली ठेवला आणि म्हटलं, "शाई फार फिकी आहे. नीट भिंगाखाली बघून सांगते."

ते "सावकाश बघ" म्हणाले आणि कॉफी संपवून गेले.

दार लागल्यावर मुलगी माझ्याकडे बघत राहिली. रागावली की ती इंग्रजीत बोलते. "तू सगळं वाचलंस. मग खोटं का सांगितलंस?"

"या वयात त्यांना कशाला, गं? त्या विहिरीवर त्यांचा जीव आहे."

"मी चार वर्षांची होते तेव्हा तू मला सांगितलंस. मला झेपेल असं तुला वाटलं. ब्याऐंशी वर्षांच्या माणसाला झेपणार नाही?"

ती आम्हाला पुण्यातल्या एका संस्थेतून मिळाली. हे आम्ही तिच्यापासून कधी लपवलं नाही. मात्र शेजारीपाजारी, मराठी मंडळातल्या ओळखीच्यांत कधी बोललोही नाही. का, ते मला नीट सांगता येणार नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघी त्यांच्याकडे गेलो. मी सगळं वाचून दाखवलं, चाक म्हणजे काय तेही सांगितलं. त्या काळी तिकडच्या अनाथाश्रमांच्या भिंतीत फिरतं लाकडी पिंप असे. बाहेरून मूल आत ठेवायचं, घंटा वाजवायची आणि निघून जायचं. आतली बाई पिंप फिरवून मूल उचलून घ्यायची.

त्यांनी दाखला माझ्या हातातून घेतला. मग म्हणाले, "म्हणजे विहीर नाहीच. सगळ्या पोरांना मी ती सांगत आलो. माझ्या बापाला तर केवढा अभिमान होता. आणि त्या माणसाला कोणीतरी टाकून दिलं होतं."

"टाकलं नाही, नोनो," मुलगी म्हणाली. "टाकायचं असतं तर घंटा कशाला वाजवली असती?"

त्यांनी मान वर केली.

"मलाही असंच ठेवलं होतं. पुण्यात. तिथे चाक नसतं, दाराबाहेर पाळणा असतो. त्यालाही घंटा आहे. माझ्या अंगात पिवळं झबलं होतं. फाइलमध्ये लिहिलंय."

ती फाइल माझ्या कपाटात असते. तिने ती कधी काढून वाचली, मला पत्ता नव्हता.

"हे मला माहीत नव्हतं," ते म्हणाले. त्यांनी तिचा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही. मग विचारलं, "तुला राग येतो?"

"कधीकधी. रोज नाही."

त्यानंतर आठवडाभर ते घराबाहेर पडले नाहीत. हाक मारली तर खिडकीतूनच हात करायचे. आपण म्हाताऱ्याचं उगाच मन मोडलं, असं मला वाटत राहिलं. मग नोव्हेंबरअखेर, थँक्सगिव्हिंगच्या सणाला, त्यांनी आम्हाला जेवायला बोलावलं. घर मुलानातवंडांनी भरलं होतं. जेवणाआधी त्यांनी माझ्या मुलीला तो दाखला वाचायला सांगितला, आणि तिने वाचला. त्यांच्या मुलाला ते रुचलं नाही. भांडी ठेवताना तो मला हळूच म्हणाला, "विहीर बरी होती. तुम्ही हे सांगायला नको होतं."

पण नोनोंनी ते ऐकलं. "विहीर कोणी रचली असेल?" त्यांनी मुलाला विचारलं. "माझ्या पणजोबांनीच. पोरांनी आडनावाचा अर्थ विचारला असेल, तेव्हा बसून बनवली असेल. पोरांना काहीतरी चांगलं द्यायचं म्हणून. मी असतो तर मीही तेच केलं असतं."

मुलगा भांडी ठेवत राहिला. धाकट्या नातीने मात्र दाखल्याची एक प्रत मागून घेतली.

घरी परतताना मुलगी मला म्हणाली, "त्या दाखल्यावर दोन साक्षीदार होते. एक चांभार आणि एक लोहार. दोघांनाही सही येत नव्हती. माझ्या दत्तकाच्या वेळी कोर्टात कोण होतं?"

"तुझा काका होता," मी म्हटलं. "आणि संस्थेतल्या एक मावशी. आम्ही तुला घेऊन निघालो तेव्हा त्या रिक्षापर्यंत सोडायला आल्या होत्या."

"त्या अजून आहेत?"

"माहीत नाही. विचारायला हवं."

दुसऱ्या दिवशी सकाळी संस्थेचा नंबर शोधून तिने स्वतः फोन लावला. पुण्यात तेव्हा संध्याकाळ झाली होती.