भिंतीवर चढणारी बोटं

खांदा दुखणारी माणसं एका रांगेत बसवली, प्रत्येकाला करंटच्या मशीनच्या वायरी चिकटवल्या आणि वीस मिनिटं हलू नका म्हटलं, की दुसरं काय होणार? बोलणंच होणार! मी स्वतः फारशी बोलत नाही. त्यामुळे अमरावतीच्या त्या फिजिओथेरपी क्लिनिकमधले दोन महिन्यांचे किस्से माझ्याकडेच साठत गेले.

आमच्या मॅडम जिभेने कडक आणि हाताने त्याहून. पहिल्या दिवशी त्यांनी विचारलं, "काय उचललं होतं?"

"डिनर सेट."

लग्नाला दोनच महिने झाले होते. आहेराच्या खोक्यांनी घर भरलेलं. सून किती कामाची आहे हे सासरी दिसावं, म्हणून मी ती सगळी एकटीने माळ्यावर टाकायला काढली. तीन मिक्सर वर गेले. डिनर सेटच्या वेळी उजव्या खांद्यात कट्कन् वाजलं.

"स्नायू ताणलाय. दोन महिने तरी लागतील," मॅडम म्हणाल्या. "किती जणांचा सेट होता?"

"सहा."

"नशीब!"

तेव्हापासून तिथे माझं नाव 'डिनर सेट' पडलं. सगळ्यांचं असंच. ज्याच्यापायी खांदा गेला, त्याच नावाने आत बोलावणं येतं.

*

दर्यापूरकडच्या इंदूबाई होत्या 'धुरा'. शेताच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, चिखलात घसरल्या आणि हातावर पडल्या. मॅडमनी पंधरा दिवस सक्त आराम सांगितला. पंधरा दिवसांनी इंदूबाई आल्या त्या दोन्ही खांदे धरून!

"आराम केला नाही ना?"

"केला ना मॅडम! उजव्या हाताले काडी उचलू देली नाई. सारं निंदण डाव्यानंच केलं!"

*

'ब्रेक' म्हणजे एसटीचे कंडक्टर काका. वरचा दांडा धरून उभे असताना ड्रायव्हरने करकचून ब्रेक मारला, गाडी थांबली, काकांचा खांदा पुढे गेला. त्यांचं दुःख एकच होतं: हात घंटीच्या दोरीपर्यंत जात नाही. मॅडमनी छताच्या हुकाला तशीच एक दोरी बांधून दिली. तीन आठवडे काका तिच्याकडे नुसते बघायचे. एक दिवस हात पोहोचला! काकांनी दोनदा ओढली, आणि दोरीला घंटी नव्हती म्हणून तोंडानेच म्हणाले, "टिंग टिंग! चला!"

इंदूबाई वायरींसकट उठल्या. "थांबा ना भाऊ, माह्यी थैली खाली राह्यली!"

*

तायडे सर जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिलीला शिकवतात. वर्गातलं लोखंडी कपाट सरकवताना खांदा लचकला, म्हणून 'कपाट'. शाळा सुरू झाली तेव्हा हात छातीच्या वर जात नव्हता. महिनाभर त्यांनी फळ्याच्या खालच्या अर्ध्या भागातच लिहिलं. मग एका सकाळी हात गेला, म्हणून हौसेने अगदी वर तारीख टाकली. अख्खा वर्ग माना वर करून बघत राहिला. शेवटी एक चिमुरडी म्हणाली, "सर, तितंबी लिवता येते काय?"

आम्ही हसलो. सरही हसत होते, पण मधेच थांबले. म्हणाले, "आपण जिथवर लिहितो ना, तेवढाच फळा समजतात हो लेकरं."



*

घरी करायला मला एक व्यायाम दिला होता. भिंतीसमोर उभं राहायचं, बोटं कोळ्यासारखी वर वर चढवायची, आणि जिथे अडतील तिथे पेन्सिलीने खूण करायची. आमच्या घरात मोकळी भिंत एकच, मधल्या खोलीतली. तीही लग्नासाठी नुकतीच रंगवलेली.

सासूबाईंना पहिली खूण दिसली. "अवं माय! आताच त पेंट देला भिंतीले!"

दुसऱ्या दिवशी कोनाड्यात एक नवंकोरं खोडरबर येऊन बसलं.  सासूबाईही तशा कमीच बोलतात. आम्ही दोघीच घरात असलो की फ्रीजचा आवाज ऐकू येतो.

त्यातच हिवरखेडहून आत्याबाईंचा, म्हणजे सासऱ्यांच्या थोरल्या बहिणीचा फोन आला. स्पीकरवर. "खांद्याचं ते आधीचंच असंल. अकोल्याच्या लोकायनं लपवलं अन् पोरगी देली. महालक्ष्म्यायले येतोच मी. नव्या सुनेच्या हातानं फुलोरा बांधून घेजा, दिसंलच काय ते!"

सासूबाई फक्त "हूं" म्हणाल्या. त्या 'हूं'चा मी आठ दिवस अर्थ लावत होते.

फुलोरा म्हणजे महालक्ष्म्यांच्या, अर्थात गौरींच्या, डोक्यावर आडवी दोरी बांधून तिला करंज्या-पापड्या टांगायच्या. आमच्याकडे त्या दोरीचे खिळे मधल्या खोलीतच, त्याच भिंतीवर. माझ्या खुणेच्या चांगले दोन वीत वर. तिथवर हात गेला नाही, तर अकोल्याचे माझे आईबाबा चारचौघांत खोटे ठरणार होते.

*

"मॅडम, सणापर्यंत हात पूर्ण वर हवाय. जोर लावू का?" एवढं लांब वाक्य मी तिथे पहिल्यांदाच बोलले.

"ताण आला तर थांबू नका. दुखलं तर लगेच थांबा. दोन्ही वेगळं असतं."

शेजारून इंदूबाई म्हणाल्या, "हे मले लग्नाच्या आंधी सांगाले पाह्यजे होतं कोनी!"

सगळे हसले. मी घरी जाऊन पुन्हा भिंतीसमोर उभी राहिले. आठवडाभरात खूण दोन बोटं चढली, मग कपाळाच्या जरा वर अडली ती अडलीच. खोडरबर कोनाड्यात प्लास्टिकसकट तसंच होतं.

*

महालक्ष्म्या बसल्या त्या सकाळी मी आंघोळ करून मधल्या खोलीत आले. आत्याबाई खुर्ची टाकून बसलेल्याच होत्या.

"चाल वं नवीबाई, बांध फुलोरा."

करंजीचा दोरा घेऊन मी वर पाहिलं. जुने खिळे रिकामे होते. दोरी खूप खाली होती. एक नवा खिळा माझ्या शेवटच्या खुणेवरच ठोकलेला, भोवतीचा नवा पेंट टिकलीएवढा उडालेला. दरवर्षी स्टुलांवर असणाऱ्या महालक्ष्म्या यंदा पाटांवर उभ्या होत्या.

मी बोटं चढवत नेली. ताण आला. थांबले नाही. पहिली करंजी बांधली. मग दुसरी, मग पापड्या.

"दोरी एवढी खाली काहून बांधली वं?" आत्याबाईंनी विचारलं.

सासूबाई वाती वळत होत्या. "तितंच असते."

"तितं कुठं? चाळीस वर्सं पाहून राह्यलो मी! ते पाह्य ना, ते वरचे खिळे..." खिळे दाखवायला आत्याबाई तावातावाने पुढे आल्या आणि एक पापडी त्यांच्या डोक्यावर आपटून मोडली!

 सासूबाई उठल्या. जमिनीवरचे तुकडे वेचून त्यांनी ताटलीत ठेवले.

"डोकं सांभाळा, बाई," त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे न बघता, "पोरी, दुसरी बांध."