एकाच नाकपुडीतून

गोंदियाच्या दवाखान्यात, कान-नाक-घशाच्या ओपीडीत मी इंटर्न होते. तिथल्या अटेंडंटला सगळे मामा म्हणत. घशात घालायचा छोटा आरसा वाफ धरू नये म्हणून ते दिव्यावर गरम करत आणि आधी स्वतःच्या हाताला लावून पाहत. लेकरांशी ते हिंदीत बोलत, म्हाताऱ्यांशी झाडीबोलीत आणि डॉक्टरांशी जवळजवळ नाहीच.

एकदा गोरेगावहून एक बाई चार वर्षांच्या मुलीला घेऊन आली. मुलीचं नाक वाहत होतं. रांग मोठी होती, म्हणून मी सर्दीचं औषध लिहून मोकळी झाले. बाई उठली, तेव्हा मामांनी मुलीजवळ वाकून वास घेतला.

“बाई, एकाच नाकपुडीतून काऊन वाहून राहिलं?” त्यांनी विचारलं आणि टॉर्च माझ्या हातात दिला. “म्याडम, एकडाव पाहून घ्या.”

आत खेळण्यातली बटणाएवढी बॅटरी अडकली होती. ओपीडीतल्या मोठ्या डॉक्टरांनी, आमच्या सरांनी, ती लगेच काढली. नाकातला पडदा काळा पडू लागला होता. आणखी उशीर झाला असता तर त्याला भोक पडलं असतं, असं सर म्हणाले.

बाई मामांच्या पाया पडायला वाकली. त्यांनी माझ्याकडे बोट केलं. “म्याडमनं ओळखलं.”

मी केसपेपरवर पुढच्या आठवड्याची तारीख लिहिली.

दुपारी मी म्हटलं, “मामा, हे बरोबर नाही झालं.”

जेवणाचा डबा उघडत ते म्हणाले, “पोरीले अजून चारदा दाखवाले आणा लागते. ते बाई माह्या भरोशावर येन काय?”

आठवड्यानं बाई मुलीला घेऊन आली. मामा दारातच उभे होते. त्यांच्या बाजूनं ती सरळ माझ्याकडे आली.