सेव्ह केल्याशिवाय दार उघडायचं नाही

मी भित्रा माणूस आहे. चाकणच्या आमच्या पत्रे कापायच्या प्रेस शॉपमध्ये विचाराल तर तिथले लोक नेमकं उलटं सांगतील. तिथे मी शिफ्टचा इनचार्ज आहे, माझा आवाज प्रेसच्या दणदणाटावरून पलीकडच्या लाइनपर्यंत जातो, आणि नगांचा काउंट कमी पडला की मी कुणाची गय करत नाही. पण निगडीच्या घरी सोफ्यावर बसून गेमचा कंट्रोलर हातात घेतला की माझे तळवे ओले होतात.

गेम म्हटल्यावर लोकांना गोळीबार आठवतो. आमचा गेम म्हणजे एक लांबलचक गोष्ट आहे. कधी अस्तित्वातच नसलेलं एक राज्य, दलदलीतून वर येणारी आणि ओळखीच्या माणसांचे चेहरे घेणारी पिशाच्चं, आणि त्यांच्यापासून एक किल्ला वाचवायला निघालेला आपला नायक. वाटेत माणसं भेटतात. त्यांना काय उत्तर द्यायचं ते समोर आलेल्या तीन-चार पर्यायांतून आपण निवडायचं, आणि त्यावर पुढची गोष्ट ठरते. कुणी सोबत येतं, कुणी रुसून निघून जातं, कुणी मरतं. मेलेलं माणूस गोष्टीतून कायमचं जातं. कुणी ते का मेलं हेही सांगत नाही.

हा गेम बायकोने आणला. ती शाळेत शिकवते, सकाळचं सत्र आटोपून एकला घरी येते. आमच्या पट्ट्यात कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी, त्यामुळे गुरुवारची दुपार ही आम्हा दोघांची हक्काची वेळ. जेवण झालं की पडदे ओढायचे आणि किल्ल्यात शिरायचं. पडद्यावरचं इंग्रजी ती मोठ्याने वाचायची आणि लगेच मराठीत सांगायची, तेही आवाज काढून. तिने केलेल्या म्हाताऱ्या वैदूच्या आवाजाला मी आजही हसतो.

अशा गेममधून पुरेपूर मजा कशी घ्यायची, हे तिला उपजतच कळत होतं. ती म्हणायची, पळू नकोस, चाल. घरात शिरलास तर टेबलावरची चिठ्ठी वाच. माणसाचं बोलणं पुन्हा पहिल्यापासून सुरू होईपर्यंत त्याच्याशी बोल. किल्ल्यात एक धुणंवाली होती. मी तिच्याशी एकदाच बोलून पुढे निघालो होतो. बायकोने मला तीनदा परत पाठवलं, आणि तिसऱ्या खेपेला त्या बाईने आपला भाऊ दलदलीत कुठल्या वाटेने गेला ते सांगितलं. ती वाट नकाशातही नव्हती.

माझी पद्धत वेगळी. मी दार दिसलं की आधी गेम सेव्ह करायचो. मग आत जाऊन बोलायचं, जे होईल ते बघायचं, आणि पटलं नाही तर सेव्ह केलेल्या जागी परतून दुसरं उत्तर द्यायचं. एका सरदाराला राजी करायला मी पाऊण तास घालवला होता. त्यात लॅपटॉपवर एक तक्ता ठेवलेला. काय निवडलं, काय झालं, कारण, सुधारणा. कंपनीत प्रत्येक चुकीनंतर जो फॉर्म भरावा लागतो त्याचीच ही नक्कल होती, आणि खरं सांगायचं तर तो तक्ता भरताना मला फार बरं वाटायचं. आपल्या हातून कुणी मरणार नाही असं वाटायचं.

"ही गोष्ट आहे की ऑडिट?" बायको म्हणाली. "तू कुणालाच मरू देत नाहीस, म्हणून मला कुणाचीच काळजी वाटेनाशी झालीय."

मग तिने नियम केला. या गुरुवारपासून मागे जाणं बंद. जे बोललास ते बोललास.

नियमाचा पहिला गुरुवार मला मिनिटामिनिटाने आठवतो. दुपारचे अडीच वाजले होते. दर दाराशी माझं बोट सेव्हच्या बटणाकडे जायचं आणि बायको माझ्या मनगटावर हलकेच चापट मारायची. मला खरंच भीती वाटत होती. खोटी माणसं, खोटा किल्ला, सगळं माहीत असूनही. तिला मात्र पहिल्यांदाच मजा येत होती. ती पुढे सरकून बसली होती.

किल्ल्याला एक छोटा दिंडी दरवाजा होता आणि त्यावर एक म्हातारा पहारेकरी. खालच्या गावातले लोक आत यायचे होते, म्हणून मी त्याला सांगितलं, आजच्यापुरतं हे दार उघडं ठेव. तो बरं म्हणाला. लोक आत आले. मी पुढे गेलो, दोन लढाया केल्या, धुणंवालीच्या भावाचा शोध लावला. सकाळ झाली तेव्हा दिंडी दरवाजापाशी गर्दी होती. रात्री उघड्या दारातून पिशाच्चं शिरली होती आणि म्हातारा उंबऱ्यावर मरून पडलेला होता. दार बंद करायला मी त्याला सांगितलंच नव्हतं, आणि मी सांगितल्याशिवाय तो जागचा हलला नव्हता.

बायकोने शेवटचं वाक्य वाचलं आणि आवाज काढायची थांबली. मी लॅपटॉप ओढला. मागे जाता येत नसलं तरी तक्ता भरायला तिने मनाई केली नव्हती. काय निवडलं, ते लिहिलं. काय झालं, ते लिहिलं. कारणाच्या रकान्यात, वर्षानुवर्षांच्या सवयीने, कंपनीच्या फॉर्ममधलं वाक्य आपोआप टाइप झालं. तात्पुरती व्यवस्था पूर्ववत केली नाही.

ते वाक्य वाचलं आणि मी लॅपटॉप बाजूला सारला.

मंगळवारी चार नंबरच्या प्रेसचा सेन्सर सारखा दगा देत होता. ऑपरेटरचा हात डायच्या, म्हणजे पत्रा कापणाऱ्या साच्याच्या, खाली गेला की प्रेस जागच्या जागी थांबवायची, हे त्या सेन्सरचं काम. तो विनाकारण प्रेस थांबवत होता, बाहेर ट्रक उभा होता, फोनवर फोन येत होते. मी आधी मेंटेनन्सला होतो, मला सगळं येतं. पॅनेल उघडून मी एक वायरचा तुकडा जोडला आणि सेन्सरला बाजूला काढलं. जंपर म्हणतात त्याला; तो असला की सेन्सर काही म्हणो, प्रेस थांबत नाही. शिफ्ट संपली की काढायचा आणि रजिस्टरमध्ये तात्पुरती व्यवस्था म्हणून लिहायचं. मी काढला नाही, लिहिलंही नाही. ट्रक गेल्याच्या आनंदात घरी आलो. बुधवारचा सगळा दिवस ग्राहक कंपनीत मीटिंगला गेला, मी शॉपमध्ये पाऊलही टाकलं नाही.

आणि आज गुरुवार असूनही चार नंबर चालू होती. ओव्हरटाइमला मीच बोलावलं होतं. त्या प्रेसवर आमचे एक जुने ऑपरेटर असतात, लातूरकडचे, पन्नाशीचे. सगळे त्यांना मामा म्हणतात. एकाच माणसाचं काम आहे म्हणून सुपरवायझर नको, असंही मीच सांगितलं होतं.

मामांना फोन लावला. शॉपमध्ये मोबाइल चालत नाही, तो लॉकरमध्ये असतो. रिंग वाजत राहिली. मग गेटवर लावला. सिक्युरिटीचा माणूस तिथल्याच गावातला.

"चार नंबर बंद करायला सांगा, आत्ताच्या आत्ता," मी म्हणालो. आवाज माझा वाटत नव्हता, इतका बारीक निघाला.

"व्हय सायेब, पन आज मी एकलाच हाय. गेटावर गाडी लागलीया. ती काढली का जातो."

"गाडी राहू द्या."

"गेट सोडलं तर माजी नोकरी जाईल न्हवं," तो म्हणाला आणि फोन ठेवला. त्यानंतर त्याने तो उचललाच नाही.

बायकोने तोवर चपला घातल्या होत्या. काय झालं ते तिने जिन्यात विचारलं, मी जिन्यातच सांगितलं. स्कूटर मी चालवत होतो आणि ती मागून एकदा गेटला, एकदा मामांना असा फोन लावत होती. रिंग वाजतेय, एवढंच ती माझ्या कानाशी सांगायची. तळवड्याच्या चौकात सिग्नलला थांबलो तेव्हा मी पाय टेकवायचाच विसरलो, स्कूटर कलली आणि तिने पाय टेकून सावरली. आठ वर्षांपूर्वी दुसऱ्या कंपनीत एकाची बोटं गेलेली मी पाहिली होती. त्याने ओरडायच्या आधी हाताकडे बघितलं होतं, जणू तो दुसऱ्या कुणाचा होता. सगळ्या रस्ताभर मला तो चेहरा दिसत होता, आणि त्या चेहऱ्याच्या जागी मामांचा चेहरा येत होता.

महाळुंग्याला कंटेनरची रांग. मी रस्त्याच्या कडेच्या मातीतून स्कूटर घातली. एरवी असं करणाऱ्यांना मी शिव्या देतो. एका प्रेसला एक पत्रा कापायला चार सेकंद लागतात. मी नको नको म्हणत हिशोब करत होतो, आपण निघाल्यापासून त्या माणसाचा हात किती वेळा डायपाशी गेला असेल. शेवटी बायकोने पाठीवर हात ठेवला आणि म्हणाली, "पुढे बघ." 

गेटवर ट्रक आडवा होता आणि सिक्युरिटीवाला ड्रायव्हरला मागे घे, मागे घे करत होता. मी स्कूटर तिथेच टाकून आत धावलो. लांबूनच प्रेसचा ठोका ऐकू आला, सावकाश, एकसारखा. प्रेस चालू आहे म्हणजे माणूस उभा आहे, एवढं मला कळलं. तरी दारातून आत जाताना मी डोळे मिटले होते, हे कुणाला सांगितलेलं नाही.

लाल बटण दाबलं. प्रेस थांबली. मामांनी वळून पाहिलं. दोन्ही हात जागेवर होते, दहाही बोटं मी मोजली.

पण ते हात बांधलेले होते. दोन्ही मनगटांना सुती पट्टी गुंडाळून दातांनी ओढून गाठ मारलेली, आणि पट्ट्यांची टोकं मागच्या लोखंडी खांबाला. हात डायच्या कडेपर्यंत पोचावेत, आत जाऊ नयेत, एवढीच लांबी ठेवलेली. पत्रा ते लांब चिमट्याने आत सरकवत होते. पट्टी कुठल्याशा जुन्या धोतराची होती आणि घामाने काळी पडली होती.

"मामा, सेन्सर बंद आहे," मी म्हणालो. "जंपर आहे. मी लावला होता. काढायचा राहिला."

"माहीत हाय साहेब. मंगळवारीच कळलं. हात पुढं गेला अन् प्रेस थांबलीच नाही." त्यांनी उजव्या हाताचं मधलं बोट दाखवलं. नखाखाली काळंनिळं झालं होतं. "थोडक्यात राहिलं. तवापासून बांधून घेऊनच करायलोय."

दोन दिवस आणि आजचा अर्धा. 

"मग सांगितलं का नाहीत? फोन करायचा. कुणालाही सांगायचं."

मामा जरा घुटमळले. मला राग आलाय का, हे त्यांनी आधी माझ्या चेहऱ्यावर तपासून घेतलं. सहा वर्षं हा माणूस माझ्या हाताखाली आहे आणि काउंट सोडून मी त्यांच्याशी काही बोललो असेन, असं मला एकही वाक्य आठवलं नाही.

"मंगळवारी मी आलतो की तुमच्याकडं, नखाचं सांगायला," ते म्हणाले. "तुमी म्हणलाव, काउंट पुरा झाल्याबिगर तोंड दाखवू नका."

मी म्हणालो असणार. मला आठवतही नव्हतं.

"भीती नाही वाटली?"

"वाटली की," मामा म्हणाले. "प्रेसची वाटली. पण तिच्यापुढं हात तरी बांधून घेता येतात."

मी त्यांच्या मनगटाची गाठ सोडायला घेतली. पट्टी ओली होती. बराच वेळ गाठ सुटेना. मामा हात पुढे करून, माझ्याकडे न बघता उभे होते.