चपलांच्या खोक्यातलं पोट

तुम्ही दोघं फोनवर विचारता, आजी, वरच्या खोलीत भाड्याने राहणारी ती डॉक्टर मुलगी अजून आहे का? आहे. वर्ध्याजवळच्या पिपरी मेघेतल्या या घरात आता माणसं कमी आणि तिचे दोरेच जास्त झाले आहेत. कपाटाच्या मुठी, खुर्चीचे हात, कुकरचा दांडा, जिथे काही अडकवता येईल तिथे तिने काळ्या दोऱ्याच्या गाठी मारून ठेवल्या आहेत. शाळेत इंग्रजी शिकवताना मी मुलांना वहीचा कोपरासुद्धा दुमडू दिला नाही. आता रोज सकाळी झाडूबरोबर कात्री घेऊन घरभर फिरते.

मुलीला सर्जन व्हायचं आहे. तिच्या वडिलांचं पुलगावला किराणा दुकान आहे, आणि त्यांना मुलगी त्वचेची डॉक्टर झालेली हवी होती. आले की मला साकडं घालायचे, “काकू, पोरीले समजावून सांगा. सर्जरीत दिवसभर उभं राहाचं, रात्री-बेरात्री फोन. स्किनमंदी काय, मलम द्याचं अन् पाच वाजता घरी याचं.”

शेवटी बापलेकीत करार झाला. मुलीने परदेशातल्या एका संस्थेचा शस्त्रक्रियेचा ऑनलाइन कोर्स घेतला होता. त्याच्या परीक्षेत पास झाली, तर नागपूरच्या प्रत्यक्ष शिबिरात तिला जागा मिळणार होती, आणि मग वडिलांनी स्किनचं नाव काढायचं नाही. नापास झाली, तर तिने सर्जरीचं नाव काढायचं नाही.

हा कोर्स खास विकसनशील देशांसाठी होता, म्हणजे आपल्यासाठी. गरीब देशांत महागडी यंत्रं नसतात, म्हणून घरगुती वस्तूंतून पोट कसं बनवावं, हा पहिला धडा. चपलांचा खोका म्हणजे पोट आणि तळाला चिकटवलेला आंघोळीचा स्पंज म्हणजे आतले अवयव. खोक्याच्या कडांना हात न लावता, खोल तळाशी घट्ट गाठ मारायची. मी दिलेल्या खोक्यावर ‘दिवाळीच्या पणत्या’ अशी चिठ्ठी होती. ती काढायला मुलीला वेळ झाला नाही, त्यामुळे रुग्णाच्या कुशीवर ती शेवटपर्यंत राहिली. परीक्षेआधी ईमेल आला की वीज जाण्याची शक्यता धरून मेणबत्ती जवळ ठेवावी. घरात इन्व्हर्टर असलेल्या बाईला हे जरा लागलं.

परीक्षेच्या दिवशी वडील दुकान बंद ठेवून आले आणि कॅमेऱ्यात दिसू नये म्हणून फ्रिजच्या आडोशाला स्टूल टाकून बसले. लॅपटॉपवर परीक्षा घेणारे परदेशी साहेब होते. त्यांना खोक्याचा तळ दिसावा म्हणून मी दोन्ही हातांनी फोन वर धरून उभी होते. बहिऱ्या माणसाशी बोलावं तसं साहेबांनी सावकाश विचारलं, “तुमच्याकडे आत्ता वीज आहे ना?” मी शुद्ध इंग्रजीत सांगितलं, आहे, आणि तुमच्याकडेही असेल अशी आशा आहे.

थोड्याच वेळात त्यांचंच इंटरनेट गेलं. साहेब तोंड उघडं आणि एक हात वर अशा अवस्थेत थिजले. आम्ही ट्यूबलाइटच्या लख्ख प्रकाशात वाट बघत राहिलो. परत आले तेव्हा बिचारे फार ओशाळले होते.

मुलीने तीन गाठी मारल्या. साहेब चष्मा वर करून बघत राहिले आणि म्हणाले, “दिसतात तर छान. पण गाठ बघून कळत नाही, ओढून कळते. वर्गात मी स्वतः ओढून बघतो.” खोका, स्पंज, मेणबत्ती, सगळ्याचा विचार कोर्सने केला होता. साहेबांचा हात तेवढा वर्ध्याला पोचायचा राहिला होता.

“तिथे ओढायला कोणी आहे का?” त्यांनी विचारलं. आपलीच गाठ आपण तपासायची नाही, असा नियम होता. माझे दोन्ही हात अडकलेले. आम्ही दोघींनी फ्रिजकडे बघितलं.

“मी?” वडील म्हणाले.

ते आले. झोपलेल्या बाळाच्या डोळ्यांवरचा केस बाजूला करावा तसा त्यांनी दोरा दोन बोटांत धरला आणि लगेच सोडून दिला. “पक्की हाय.”

“बाबा, हे काय ओढणं झालं?”

“सुटली तं?”

“सुटली तं नापास. पेशंटच्या पोटात सुटली तं तो मरन. जोरानं ओढा नं!”

काय चाललंय, असं साहेबांनी विचारलं. मी सांगितलं, परीक्षक तयारी करत आहेत.

वडिलांनी तळवे पँटला पुसले आणि पोत्याच्या तोंडाची सुतळी तोडावी तसा हिसका दिला. पहिली गाठ टिकली. दुसरीही टिकली. तिसरीला स्पंजच तळापासून उखडून त्यांच्या हातात आला, खोका फाटून टेबलावरून खाली पडला आणि माझा फोन छताचा पंखा दाखवू लागला. साहेबांना काहीच दिसेना. मी फोन सावरून स्पंजावर धरला. गाठ जागच्या जागी होती.

“पोट गेलं,” साहेब म्हणाले, “पण गाठ राहिली. पास.”

मुलगी तोंड झाकून रडायला लागली. वडील स्पंज मांडीवर घेऊन बसले आणि नखाने गाठ उकलायचा प्रयत्न करू लागले. “सुटून नाई राह्यली,” ते स्वतःशीच म्हणाले. मग तिच्याकडे न बघता, “काऊन रडून राह्यली? जाजो नागपूरले.”

साहेबांनी निरोप घेतला. मी खाली वाकून खोक्याचे तुकडे गोळा करत होते. बाहेर ओट्यावर वडिलांनी पुलगावला घरी फोन लावला होता.

“पास झाली... हो, सर्जरीतच... आता कोन्ताच वाद नाई...” थोडा वेळ ते ऐकत राहिले. मग आवाज चढला. “परीक्षा कोनं घेतली म्हंजे? मीनंच घेतली!”