डाव्या पायाचा क्लच

दादाला लकवा मारला, तेव्हा मला निवृत्त होऊन गावी राहायला येऊन वर्षही झालं नव्हतं. मी आरोग्य उपकेंद्रात नर्स होते. नोकरी जिल्हाभर फिरून झाली आणि शेवटी मी बोरी अरबच्या बाजूला आमच्या गावी, दादा आणि वहिनीजवळ आले. वडिलांच्या मागं सहा एकर वावर आम्हा दोघा भावाबहिणींच्या नावावर झालं होतं. त्यात एका अंगाला संत्र्याची झाडं, बाकी कपाशी आणि तूर. हे सगळं दादानं आयुष्यभर एका बैलजोडीवर केलं.

लकवा डाव्या बाजूला होता. रोज सकाळी मी त्याच्याकडून व्यायाम करून घेत असे. हात बराचसा परत आला. पायानं मात्र तेवढी साथ दिली नाही. काठी घेऊन तो घरातून बुद्धविहारापर्यंत जाई, पण पाय ओढत. नांगरटीच्या ढेकळांत तर त्याला उभंही राहता येत नव्हतं. बैल दुसऱ्या कुणाला ऐकत नव्हते आणि वर्षाच्या बोलीवर राबणारा सालदार मिळत नव्हता. उन्हाळ्यात बैल विकले. घेणाऱ्यानं ते गोठ्यातून सोडले तेव्हा दादा बाहेर आला नाही, आत खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडून राहिला.

त्या वर्षी आम्ही भाड्याच्या ट्रॅक्टरवर शेती केली. गावात ट्रॅक्टर आहेत, पण ते मोठे, आणि आधी मोठ्या वावरांत जातात. आमची पाळी येईपर्यंत जमिनीतली ओल निघून गेलेली असे. संत्र्यात ट्रॅक्टर आला तेव्हा त्यानं दोन झाडांच्या खालच्या फांद्या मोडल्या. कपाशी गुडघ्याएवढी झाल्यावर तर मोठा ट्रॅक्टर तासांच्या, म्हणजे झाडांच्या ओळींच्या, मधून जाऊच शकत नाही. सगळं गवत बायांच्या हातानं काढावं लागलं, आणि बायाही वेळेवर मिळाल्या नाहीत.

तूर सोंगायला आली तेव्हा दादा एकदा जेवताना म्हणाला, "लहान ट्रॅक्टर घेऊ आपण. कपाशीच्या तासात जाते तो वाला. मी चालवीन."

वहिनीनं त्याच्या ताटात भाजी वाढली. त्या पायाची ताकद किती ते मला रोज हाताला कळत होतं. पण आजारानंतर त्यानं पहिल्यांदाच पुढच्या हंगामाची गोष्ट काढली होती. मी म्हटलं, "पाहू तर खरं. पाहायले काय जाते."

दुसऱ्या दिवशी मी मोजायचा टेप घेऊन वावरात गेले. पांदणीतून वावरात शिरतो ती वाट, संत्र्याच्या दोन ओळींमधली जागा, जमिनीपासून पहिल्या फांदीची उंची, कपाशीची दोन तासं, सगळं मोजून घेतलं. दादा धुऱ्यावर, वावराच्या बांधावर, बसून सांगत होता, कुठून मोजायचं, कुठं टेप ढिला पडला. "फळं लागल्यावर फांदी आणखी खाली येते," तो म्हणाला. "ते धरून चाल."

आमच्या गावापासून जवळच बंजाऱ्यांचा तांडा आहे. तिथल्या एका शेतकऱ्याकडे असा लहान ट्रॅक्टर होता. दादाची त्याच्याशी बैलबाजारापासूनची ओळख. आम्ही दोघं माझ्या स्कूटीवर गेलो. तो आणि त्याची बायको अंगणात कापसाच्या गाठोड्यांजवळ बसून आपल्या गोर बोलीत काहीतरी वाद घालत होते. आम्हाला पाहून दोघं मराठीवर आले.

त्यानं ट्रॅक्टर सुरू करून दाखवला आणि खरं खरं सांगितलं. "डवरणीले, तासातलं गवत काढायले, याच्यासारखा नाही. दोन तासातून सुटा जाते. पण पाणी पडल्यावर आपल्या काळ्या मातीत चाक जागेवरच फिरते. माह्या ट्रॅक्टरले मागच्याच चाकाची ताकद हाय. तुम्ही घेसान तं चारही चाकावाला पाहा. अन् कापसाची भरून ट्रॉली घेऊन चढावर जाईन असं समजू नका. ते याचं काम नाही."

त्याच्या बायकोनं चहा आणला. कपबशी दादाच्या हातात देताना तिनं विचारलं, "चालवीन कोण?"

"मीच," दादा म्हणाला.

तिनं त्याच्या काठीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. नंतर ती कापसाकडे परत गेली.

यवतमाळला आम्ही एसटीनं गेलो. लोहाऱ्याच्या रस्त्यानं एकापाठोपाठ एक ट्रॅक्टरची दुकानं आहेत. पहिल्या दुकानात तर आम्ही लहान ट्रॅक्टर म्हटल्याबरोबर तिथल्या माणसाचा चेहराच पडला. त्यानं आम्हाला मोठ्यापुढे नेऊन उभं केलं. "काका, एकदाच घ्यायचं तर हे घ्या. सहा एकर तुमचं, बाकी गावाचं भाड्यानं करा." दादा म्हणाला, "गावाचं गाव करते. मले माह्यं करायचं हाय."

दुसऱ्या दुकानात अंगणातच तीन-चार लहान ट्रॅक्टर उभे होते. दादा एकावर चढायला लागला. उजवा पाय पायरीवर ठेवला, हातानं स्टिअरिंग धरलं, आणि डावा पाय वर ओढायला मागून मला टेकू द्यावा लागला. बसल्यावर तो खुश दिसला. गिअरचा दांडा हलवून पाहिला, मागचं अवजार उचलणाऱ्या लिफ्टचा दांडा खालीवर केला. मग त्यानं डावा पाय क्लचवर ठेवला.

क्लच दबला नाही. त्यानं पुन्हा जोर लावला. मग हातानं गुडघ्यावर दाब दिला. ट्रॅक्टर दाखवणारा माणूस फोन आल्यासारखं करून बाजूला गेला. दादानं हातानं उचलून पाय बाजूला घेतला आणि म्हणाला, "क्लच कडक हाय याचा. दुसऱ्या कंपनीचा पाहू."

तिसऱ्या दुकानातला क्लच खरंच हलका होता. दादाचा पाय खालपर्यंत गेला. त्यानं माझ्याकडे पाहिलं. दुकानाच्या माणसानं ट्रॅक्टर सुरू करून दिला, गिअर टाकून दिला आणि म्हणाला, "आता हळूहळू सोडा काका." पण हळूहळू सोडायलाच तर पायात ताकद लागते. दाबणं एक वेळ शरीराच्या वजनानं जमतं. पाय एकदम सुटला, ट्रॅक्टर उडी मारल्यासारखा पुढं गेला आणि भिंतीशी रचलेल्या टायरांवर जाऊन बंद पडला. कुणाला लागलं नाही, ट्रॅक्टरलाही काही झालं नाही. दुकानाचा माणूस चांगला होता. "होते असं, नवीन असलं की होते," असं म्हणत त्यानं टायर सरळ केले. दादानं आयुष्यात अशी कुठलीच गाडी चालवली नव्हती हे खरं, पण ते कारण नव्हतं आणि ते आम्हा तिघांनाही ठाऊक होतं.

परत येताना एसटीतून बोरी अरबला उतरून चहा घेतला तेव्हा तो म्हणाला, "आता कायले घेतं. राहू दे. वावर ठोक्यानं देऊन टाकू." ठोक्यानं म्हणजे वर्षाची रक्कम ठरवून दुसऱ्याला कसायला द्यायचं. मी चहाचे पैसे द्यायला उठले.

पुढं काही दिवसांनी वहिनी आणि मी अंगणात तूर झोडपत होतो. वहिनी हात न थांबवता म्हणाली, "ताई, तुम्ही काहून चालवत नाही?"

"काय?"

"ट्रॅक्टर. स्कूटी घेऊन गावोगाव लसी टोचत फिरत होत्या नं तुम्ही. पावसापाण्याच्या."

मी हसले. साठीकडे झुकलेली बाई, आणि ट्रॅक्टर. पण रात्री झोपताना लक्षात आलं, की नाही म्हणायला माझ्याजवळ काही धड कारण नाही. गुडघे चांगले होते, डोळे चांगले होते. ज्या वाटांनी मी स्कूटी नेली होती त्या वाटांनी लोक बैलबंडी न्यायला भीत.

मी सरळ तांड्यावर गेले आणि त्या शेतकऱ्याला म्हटलं, मला शिकवा. तो म्हणाला, "भाऊले विचारलं का?" त्याची बायको म्हणाली, "शिकू दे अगोदर. विचारतीन मंग." रिकाम्या वावरात त्यानं मला शिकवलं. पहिल्या दिवशी मी फक्त सरळ गेले आणि थांबले. नंतर वळायला लागले. मागे घेणं सगळ्यात जड गेलं. मागं बघत पुढचं चाक कुठं चाललंय याचा अंदाजच येत नसे.

हे लपून राहणार नव्हतंच. दादाला कुणीतरी विहाराजवळ सांगितलं. संध्याकाळी तो मला म्हणाला, "लोकं हसून राह्यले."

"हसू दे. मी चालवीन. तू सांगशीन तसं चालवीन."

"मी काय सांगू? मी तं कामातून गेलेला माणूस."

"मले वखर कोणत्या ओलीत घालायचा ते समजत नाही, दादा. मले सुई टोचता येते."

तो उठून आत गेला. दोन दिवस बोलणं नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी मी त्याचा पाय मांडीवर घेऊन घोटा फिरवत होते, तर वरून आवाज आला, "तुहे पाय पुरतीन का खालपर्यंत? तू ठेंगणी हायस."

"पाहावं लागन," मी म्हटलं.

मग आम्ही पुन्हा यवतमाळला गेलो. या वेळी पाहायच्या गोष्टीच बदलल्या. माझे पाय क्लच आणि ब्रेकपर्यंत पोचले पाहिजेत, म्हणजे खुर्ची पुढंमागं होणारी हवी. समोरचं बोनेट इतकं उंच नको की कपाशीची तासं दिसणार नाहीत. माझ्या हातांत वाताची सुरुवात होती, त्यामुळं स्टिअरिंग हलकं हवं. त्याच तिसऱ्या दुकानात दोन ट्रॅक्टर उरले. एक अगदी अरुंद, बुटका, मला लगेच आवडला. दुसरा त्याहून जरासा रुंद, पण चारही चाकांना ताकद असलेला.

दादा काठी टेकत दोन्हींभोवती फिरला. वाकून पुढच्या चाकांचा आस पाहिला, चाकांवरचे उठाव अंगठ्यानं दाबून पाहिले. दुकानाचा माणूस त्याच्या मागं मागं चालत सगळी माहिती त्यालाच देत होता. तेल किती दिवसांनी, फिल्टर कसा काढायचा, कोणत्या कामाला कोणता गिअर. मी शेजारी उभी होते. एका वेळी दादा थांबला.

"हे तिले सांगा," तो म्हणाला. "चालवणारी ती हाय."

त्या माणसानं मान वळवून माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागला. मी ऐकत होते, पण खरं सांगायचं तर पहिली दोन-चार वाक्यं माझ्या कानात शिरलीच नाहीत. मी दादाकडे पाहत होते. तो टायरजवळ वाकून काहीतरी मोजत होता.

मला बुटकाच हवा होता. दादा म्हणाला, "तू श्रावणात फसशीन त्याच्यात. मंग तुले काढायले मोठा ट्रॅक्टर आणावा लागन, अन् तो फांद्या मोडन." रुंदीचा प्रश्न त्यानंच सोडवला. दुसऱ्या ट्रॅक्टरची चाकं उलटी बसवली की दोन चाकांमधलं अंतर कमी होत होतं आणि तो आमच्या मापात येत होता. मी दुकानाच्या अंगणात तो पुढं नेला, मागं घेतला, वळवला. दादानं मला आणखी एकदा मागं घ्यायला लावलं. मग आम्ही तोच घेतला. पैसे माझ्या निवृत्तीचे होते.

पहिला उन्हाळा भांडणात गेला. माझा वखर सरळ जात नसे. संत्र्यात मी पाण्याची नळी माती घुसळणाऱ्या रोटाव्हेटरमध्ये गुंडाळून तिचे तुकडे केले. दादा धुऱ्यावरून ओरडायचा आणि इंजिनच्या आवाजात मला काही ऐकू यायचं नाही, फक्त त्याचं उघडं तोंड दिसायचं. एकदा मी ट्रॅक्टर बंद करून खाली उतरले, त्याच्याजवळ गेले आणि म्हटलं, "दादा, ओरडू नको. हातानं सांग." तेव्हापासून तो काठीनं सांगतो. काठी उजवीकडे म्हणजे उजवीकडे, आडवी धरली म्हणजे थांब, जमिनीवर ठोकली म्हणजे लिफ्ट खाली घे. या खुणा आम्ही ठरवल्या नाहीत, होत गेल्या.

जुलैत कपाशीत डवरणी केली. ट्रॅक्टर तासांमधून नीट गेला. बाजूच्या वावरातल्या बाया निंदण सोडून उभ्या राहून पाहत होत्या. त्यातली एक नंतर घरी येऊन वहिनीला विचारून गेली, शिकायला किती दिवस लागतात.

सगळंच जमलं असं नाही. उन्हाळ्यातली खोल नांगरट अजूनही आम्ही भाड्यानं करून घेतो. कापूस विकायला न्यायला गाडी सांगावी लागते. दादाचा पाय होता तसाच आहे, आणि आता तो सुधारेल असं मी त्याला सांगत नाही. पण तो रोज वावरात येतो. मी स्कूटीवर नेऊन सोडते, कधी तो ट्रॅक्टरच्या मागं चालत येतो, पांदणीत मी पहिल्या गिअरवर असते तेव्हा.

परवा पाऊस उघडला. मी सकाळीच ट्रॅक्टर बाहेर काढला, डवरा जोडला. दादानं कपाशीच्या कडेची माती मुठीत घेऊन दाबली, मूठ उघडली. मातीचा गोळा तसाच राहिला, फुटला नाही; अजून ओल जास्त होती.

"उद्या," तो म्हणाला.

मी म्हटलं, आभाळ पुन्हा भरून येतंय, उद्या जमलं नाही तर. तो म्हणाला, नाही जमलं तर परवा. आमची थोडी हुज्जत झाली. मग मी डवरा सोडवला, ट्रॅक्टर सपरात लावला आणि वहिनीला चहा ठेवायला सांगितलं.