काकनकोट्याचा खेडा आणि नदीकाठचं ऐनाचं झाड

खेडा पाहायचं मी ठरवलं नव्हतं, कापडानं ठरवलं. काकनकोट्याच्या रानात खेडा होता, म्हणजे रानटी हत्तींचे कळप हाकून धरायचे होते, ते पाहायला दूरदूरचे पाहुणे येणार होते, आणि त्यांच्या डोक्यावर छत शिवायला म्हैसुरात माझ्याइतका स्वस्त शिंपी मिळाला नसावा. बायको म्हणाली, "आनं बघायला चाललात की शिवायला, तेवढं हेळून जावा." आनं म्हणजे हत्ती, हेळून म्हणजे सांगून; म्हैसुरात राहून तिच्या बोलण्यात कानडी मिसळलेलं. मी म्हटलं, दोन्ही.

जाणाऱ्यांनी घोंगडी विसरू नये, पौषातली थंडी हाडात शिरते. बैलगाडीनं पहिला मुक्काम वाटेत, दुसरा हेग्गडदेवनकोट्याच्या धर्मशाळेत. तिथे रागीचा मुद्दा, म्हणजे नाचणीचा शिजवलेला गोळा, आणि हुलग्याचं सार पोटभर मिळतं. मुद्दा चावायचा नाही, गिळायचा. पुढचा रस्ता पाहुण्यांच्या मोटारींसाठी नुकताच रुंद केलेला. दोन्ही बाजूंना तोडलेल्या बांबूंचे ढीग होते. माझा गाडीवान सांगत होता की खेडा होईपर्यंत गावच्या गुरांना रानात बंदी आहे, म्हणून गुरं दावणीला उपाशी हंबरतात.

छावणी कपिला नदीच्या काठी होती. हत्तींना हाकत नदीत उतरवायचं आणि पाहुण्यांनी समोरच्या काठावरच्या मांडवातून पाहायचं, असा बेत. बांबू बांधायला आलेल्या, रानातच राहणाऱ्या कुरुब लोकांमध्ये बोम्मा नावाचा एक मधकाढ्या होता. मला रिकामं बसवत नाही, मी त्याच्या मागे मागे फिरलो. त्यानं मांडवाजवळचं ऐनाचं एक उंच झाड दाखवलं. खोडात बांबूच्या खुंट्या ठोकलेल्या, त्याच्या आजानं ठोकायला सुरुवात केलेल्या. असं झाड एका घराचं असतं, दुसरा कोणी त्याला हात लावत नाही. चढण्याआधी माशांना गाऊन सांगायचं, आणि पोळ्याचा एक भाग त्यांच्यासाठी ठेवायचा. आत्ता पोळी का नाहीत, असं मी विचारलं. माशा परगावी गेल्यात, ऊन तापलं की येतील, असं तो म्हणाला. त्या मधावरच त्याच्या घरचं मीठ, धान्य आणि कपडा येई. मला भारी नवल वाटलं.

दुसऱ्या दिवशी छत ताणून झालं. शिंप्याला एक खोड असते. अंगरखा अंगावर चढला की कुठे ओढतो, कुठे फुगतो, ते तोंडून निघून जातं. मी पुढच्या खुर्चीत बसून पाहिलं आणि बोलून गेलो, "ही फांदी मधे येते. अर्धी नदी झाकली."

खुर्चीतून नुसती फांदीच दिसत होती. ती कुठल्या झाडाची, हे मी पाहिलंच नाही. मागे उभ्या असलेल्या छावणीच्या मुकादमानं ऐकलं. मी उठून खाली येईपर्यंत दोघे जण कुऱ्हाडी घेऊन ऐनाकडे निघाले होते.

मी धावत गेलो. खुर्च्या चार हात सरकवू, छत पुन्हा शिवून देतो, पैसे नकोत, सगळं सांगून पाहिलं. निदान एवढी फांदीच उतरवा म्हटलं. मुकादम म्हणाला, पाहुणे सकाळी येणार, अर्धवट काम कशाला. आणि बरं झालं तू वेळेवर सांगितलंस. त्यानं माझी पाठही थोपटली.

झाड पडायला दुपार लागली. बोम्मा बाजूला उकिडवा बसला होता. मी त्याच्याजवळ जाऊन बसलो. तो म्हणाला,

"माशा येतील, सामी. त्यांना कोण सांगणार?"

खेडा मी पाहिला. पाण्यात शिरलेला कळप, पिलाला सोंडेनं पुढे ढकलणारी आई, मागे ढोल आणि मशाली. लाज वाटते सांगायला, पण त्या घटकेला मी सगळं विसरलो आणि टाळ्या वाजवल्या. नदी या काठापासून त्या काठापर्यंत मोकळी दिसत होती.

घरी आल्यावर आठवडाभर शेजारी हत्ती ऐकायला येत होते. हत्ती सांगितले. झाडाचं फक्त बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "तुमची जीभ पण कात्रीच आहे."

चैत्रात हेग्गडदेवनकोट्याकडचा एक गाडीवान बांबू घेऊन पेठेत आला, त्याला विचारलं. माशा आल्या होत्या, म्हणाला. दोन दिवस नदीवर नुसत्या घोंगावत राहिल्या, मग डोंगरापलीकडे गेल्या. बोम्माही बायकापोरं घेऊन त्यांच्या मागोमाग गेला.

पुन्हा खेडा भरला तर जरूर जा. नदी आता कुठल्याही खुर्चीतून दिसते.