रात्रपाळीच्या आठवड्यातली मुकी कार्टून

आमच्या घरी दर तिसऱ्या आठवड्यात कार्टून मुकी असायची. बाबा भिलाईला रोलिंग मिलमध्ये होते. रात्रपाळीच्या आठवड्यात ते दिवसा आतल्या खोलीत झोपायचे आणि मधे दार नव्हतं, नुसता पडदा. शाळेतून आल्यावर आई टीव्ही लावू द्यायची, पण आवाज शून्यावर. आम्ही जरा खिदळलो की ती ओट्यापासूनच हाताचा पंजा खाली दाबून दाखवायची. म्हणजे हळू.

दादा माझ्यापेक्षा तीन वर्षांनी मोठा, तेव्हा अकराचा. मुक्या आठवड्यात सगळ्यांचे आवाज तोच काढायचा, माझ्या कानाशी, कुजबुजत. जांभळ्या झग्यातला एक दुष्ट राजा होता. हिंदीत तो काय बोलायचा देव जाणे, पण दादाच्या तोंडून तो आमच्या राशनवाल्यासारखा बोलायचा: "माह्या राज्यात कोणी हसलं तं याद राखजो, त्याची साखर बंद." खरं सांगते, मला आवाजाच्या दोन आठवड्यांपेक्षा हा मुका आठवडा आवडायचा. असा आवाज काढणारा माणूस मी पुढे कुठे पाहिला नाही, आणि हे बहीण म्हणून बोलत नाही. बहीण म्हणून मी काय केलं ते आता सांगते.

एका दुपारी मी म्हटलं, "दादा, मोठ्यानं कर ना. मजा नाही येऊन राहिली." त्यानं आईकडे पाहिलं, पण ती नळावर गेली होती. मी त्याला चिमटा काढला, परत म्हटलं, मोठ्यानं कर. मग तो उभा राहिला आणि राजा असा गरजला की गल्लीतलं कुत्रं भुंकायला लागलं. पडदा सरकला. बाबांनी टीव्हीची पिन ओढली, दादाच्या कानाखाली एक ठेवून दिली आणि परत आत जाऊन पडले. त्याच रात्री मिलमध्ये त्यांच्या उजव्या हाताची तीन बोटं गेली.

दवाखान्यातून आल्यावर बाबा आईला म्हणाले, "झोप नाही झाली होती." बस, चार शब्द. दादाला कोणी काही बोललं नाही, आणि तेच वाईट झालं. कोणी बोललं असतं तर तो रडला तरी असता.

तसल्या हातानं बाबांना डाव्या हाताची नखं कापता येईनात. एका रविवारी दादानं पेपर अंथरला, नेलकटर घेतलं आणि समोर बसून कापून दिली. तेव्हापासून दर रविवारी. पुढे त्याचं लग्न झालं, कुम्हारीला घर केलं, मुलगी झाली. आई गेली. बाबा माझ्याकडे जुनवानीला आले. पण रविवार संध्याकाळ झाली की दादाची गाडी दारात. आवाज मात्र त्यानं परत कधी काढला नाही. त्याच्या घरी टीव्ही इतका हळू असतो की पंखाच जास्त ऐकू येतो. त्यानं माझं नाव कधी कोणाजवळ घेतलं नाही आणि मीही आपणहून सांगितलं नाही. भित्री कुठली.

मागच्या महिन्यात रायपूरच्या एका मॉलमध्ये कॉमिक कन्व्हेन्शन होतं. दादाची मुलगी, माझी नऊ वर्षांची भाची, हट्टाला पेटली: "आत्या, मेरा नाम लिखवा दो." तिथे एक डबिंगची स्पर्धा होती. पडद्यावर बिनआवाजाचं कार्टून लावणार आणि आवाज आपण द्यायचा. मी फॉर्म भरायला घेतला. बाबा बाजूलाच बसले होते. इतकी वर्षं दाबून ठेवलेलं तोंडातून निघून गेलं, "बाबा, त्या दिवशी दादाले मीच म्हटलं होतं, मोठ्यानं कर म्हणून. तुमची झोप मी मोडली."

बाबांनी आपल्या उजव्या हाताकडे पाहिलं. मग म्हणाले, "झोपीनं नाही गेली बोटं. मशीनचं जाळीचं गार्ड मीच काढून ठेवलं होतं. काम लवकर आटपावं म्हणून."

"मग झोपेचं कावून सांगितलं?"

"तुह्या आईले काय सांगू? मूर्खपणा केला म्हणून?" मग ते म्हणाले, "त्याले नको सांगजो. दर रविवारी येते तो."

मला असा राग आला की हातातला फॉर्म फाडावासा वाटला. चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि फाशी देणाऱ्यांत मीही. तरी मी मान हलवली. गप्प राहायचं वळण आमच्या घरानं चांगलं लावलं आहे.

स्पर्धेच्या रविवारी आम्ही तिघं, दादा, भाची आणि मी, दादाच्या गाडीवर रायपूरला गेलो. हॉलमध्ये ही गर्दी. थर्माकोलच्या तलवारी, पुठ्ठ्याचे पंख, निळ्या केसांची घोडमी पोरं. दादा खिशात हात घालून उभा, परक्याच्या लग्नात आल्यासारखा. भाची स्टेजवर गेली. पडद्यावर एक राक्षस हात पसरून काहीतरी बोलत होता. तिनं माइक धरला आणि कुजबुजली, घरी करते तशीच. मागून कोणी म्हणालं, "सुनाई नहीं दे रहा." तिनं बापाकडे पाहिलं. दादाचा हात खिशातून बाहेर आला आणि पंजा खाली दाबला गेला. हळू. तेवढ्या गोंगाटात. त्याला कळलंसुद्धा नसावं.

मग मला राहवलं नाही. त्याच्या कानाशी लागून मी सगळं सांगून टाकलं. काढून ठेवलेलं गार्ड, आईला मारलेली थाप, 'त्याले नको सांगजो'. त्यानं एवढंच विचारलं, "तुले कधीपासून माहीत?"

"आठ दिवस झाले."

पोर अजून त्या पंजाकडेच पाहत होती. त्यानं हात मागे घेतला आणि अख्खा हॉल वळून पाहील अशा आवाजात म्हणाला, "मोठ्यानं कर, बाई. मोठ्यानं." तो आवाज मी आठ वर्षांची असताना शेवटचा ऐकला होता. भाचीला बक्षीस नाही मिळालं, पण तिचा राक्षस मागच्या रांगेपर्यंत ऐकू गेला.

परतताना कुम्हारीला दादानं गाडी थांबवली आणि मला भिलाईची बस दाखवली. "तू जा. मी नाही येत आज."

"आणि पुढच्या रविवारी?"

तो खाली बसून पोरीच्या सँडलचा पट्टा लावत राहिला.

घरी बाबांनी पेपर अंथरून ठेवला होता. त्यावर नेलकटर. त्यांनी माझ्या मागे दाराकडे पाहिलं.

"नाही येत तो," मी म्हटलं. "मी सांगितलं त्याले."

मी समोर बसले आणि नेलकटर उचललं. त्यांनी डावा हात मागे घेतला. "राहू दे. तो कापते."

तीन रविवार झाले. पेपर दर रविवारी अंथरला जातो. नखं बरीच वाढली आहेत, आणि बाबा मला हात लावू देत नाहीत.